मदत हवी आहे: पद्मिनी तापली की रेस अडकते, दोष कार्बोरेटरच्या बुडात की शाफ्टमध्ये?

नमस्कार मंडळी,

वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसीचं इंजिन, कार्बोरेटर सोलेक्स. थंड असताना गाडी छान चालते. इंजिन नीट तापलं की मात्र पाय काढला तरी रेस पूर्ण खाली येत नाही. पॅडल टचकन दाबून सोडलं की कधी उतरते, कधी नाही. खंबाटकी उतरताना हेच झालं. क्लच दाबून न्यूट्रल केलं, गाडी कडेला घेतली आणि मगच चावी बंद केली. तेव्हापासून घरच्यांना तिच्यात बसवत नाही.

लिंकेजचे, म्हणजे पॅडलपासून कार्बोरेटरपर्यंतच्या दांड्यांचे, सांधे साफ करून तेल दिलं, रिटर्न स्प्रिंग नवी टाकली. फरक शून्य. मग तापलेली गाडी बंद करून लिंकेजचा दांडा कार्बोरेटरच्या लिव्हरपासून (आतली झडप उघडते-मिटवते ती) सोडवला. पॅडलकडची बाजू एकदम मोकळी, पण लिव्हर मिटायच्या जरा आधी अडते.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: कार्बोरेटर मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांवर) धरणारे नट थोडे सैल केले की तीच लिव्हर झटकन मिटते, आवळले की पुन्हा अडते. गॅस्केट अलीकडेच बदललंय. शिवाय शाफ्टला, म्हणजे ती झडप फिरवणाऱ्या दांड्याला, खेळ आहे. त्याच्या टोकांशी कार्ब क्लीनर मारला की आयडलिंग बदलतं, म्हणजे तिथून हवाही ओढली जातेय.

फ्लँज (कार्बोरेटरचं बूड) सपाट करून भागेल की शाफ्टला बुश (झिजलेल्या भोकात बसवायच्या छोट्या नळ्या) लागतील? एका मेकॅनिकने जड स्प्रिंग लावायला सांगितलं. मला ते पटत नाही. घासणं तसंच राहणार आणि शाफ्ट आणखी झिजणार. पुण्याच्या आसपास हे बुशचं काम नीट करणारा लेथवाला माहीत असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

दादा, नट सैल केल्यावर सुटतं म्हणजे आधी फ्लँजच बघा. कार्बोरेटर काढून त्यावर सरळपट्टी धरा. वाकलेला असेल तर जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने घासा. बसवताना दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. तरीही प्लेट (शाफ्टवरची झडप) घासली तर आयडलचा स्क्रू पूर्ण मागे घ्या, प्लेटचे दोन स्क्रू सैल करा, प्लेट मिटून जागेवर बसू द्या आणि मग आवळा. उजेडाकडे धरून फट सगळीकडे सारखी आहे का ते पाहा. त्या स्क्रूंची टोकं ठोकून पसरवलेली असतात. नवेच वापरा आणि तसेच ठोका, नाहीतर सुटून थेट इंजिनात जातील. हवा ओढतेय म्हणजे बुश लागणारच, पण ते नंतर. तोवर गाडी घाटात नेऊ नका. फ्लँज केल्यावर गरम गाडीवर लिव्हर कशी मिटते ते इथे लिहा.