८ मार्चचा सत्कार आणि मावशींची पगारपावती

(नेरूळमधल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप, फेब्रुवारीतला एक रविवार)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. ८ मार्चला महिला दिनाचा कार्यक्रम गच्चीवर संध्याकाळी ६ वाजता. आपल्या गल्लीत झाडू मारणाऱ्या दोन्ही मावशी आणि आपल्या भागातल्या आशा आरोग्यसेविका, म्हणजे आशाताई, यांचा साडी, शाल, श्रीफळ देऊन सत्कार करायचं कमिटीने ठरवलं आहे. फ्लॅटमागे १०० रुपये वर्गणी.

सी-५०१: छान. आमचे पाठवले.

ए-१०२: नाश्त्याचं माझ्याकडे. साबुदाणा वडे चालतील ना?

बी-३०४: काका, सत्कार जरूर करू, माझेही १०० धरा. पण परवा दोन मावशींपैकी एकीने मला त्यांची पगारपावती वाचायला दिली. त्यांना विचारूनच इथे लिहितेय.

मावशी नऊ वर्षं कंत्राटदाराकडे आहेत. सहाला हजेरी, साडेसहाला आपल्या गेटसमोर. पावतीवर श्रेणी लिहिली आहे 'अकुशल'. त्यांच्याच हजेरीवरचा एक मुलगा तीन वर्षांपूर्वी लागला. तो आठवड्यातले चार दिवस मावशींच्या शेजारी झाडूच मारतो, दोन दिवस कचऱ्याच्या गाडीमागे जातो. त्याच्या पावतीवर 'अर्धकुशल'. दोघांच्या हातात पडणाऱ्या पैशांतला फरक माझ्या घरच्या लाइटबिलापेक्षा जास्त आहे. मावशींनी मुकादमाला विचारलं होतं, मलाही गाडीवर पाठवा. तर तो म्हणाला, ते बायकांचं काम नाही, वजन उचलावं लागतं. गणपतीत निर्माल्याच्या ओल्या गोण्या कोण उचलतं ते आपण सगळ्यांनी बाल्कनीतून पाहिलंय.

बाईला कमी आणि पुरुषाला जास्त असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. कागदावर फक्त श्रेणी आहे, आणि ती कशी ठरवली हे मावशींना कुणी सांगितलेलं नाही. यावर आपण पालिकेला निवेदन द्यावं असं मला वाटतं.

डी-२०३: ताई, वाईट वाटलं वाचून. पण हा कंत्राटदार आणि कामगार यांच्यातला प्रश्न आहे. ग्रुप पाणी, पार्किंग, लिफ्टसाठी आहे.

बी-३०४: दादा, रस्ता पालिकेचा, कंत्राट पालिकेचं, त्याचे पैसे आपल्या करातून जातात. स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबईचा नंबर आला की आपण याच ग्रुपवर 'निश्चय केला, नंबर पहिला' टाकतो. तो नंबर झाडूच्या टोकावर आलेला आहे.

सी-५०१: हे मात्र खरं.

ए-६०१: मी एका पालिकेच्या लेखा विभागात तीस वर्षं काढली, म्हणून थोडं लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

कायम नोकरीत हा प्रश्न फारसा येत नाही. पदाची वेतनश्रेणी एकच असते, त्यावर बाई बसो की पुरुष. गोम आहे ती कायम कोण आणि कंत्राटी कोण, आणि कंत्राटात कुणाला कुठल्या रकान्यात टाकलं, यात. किमान वेतन कुशल, अर्धकुशल, अकुशल असं ठरतं. कुणाचं नाव कुठल्या रकान्यात जाणार हे हजेरी शेडमध्ये ठरतं, आणि वर बिल मंजूर करणारा फक्त आकडे जुळतात का ते बघतो. मीही तेच बघायचो. आज वाचताना ते टोचलं.

कायदा मात्र स्पष्ट आहे. समान कामाला समान वेतन हे संविधानाच्या ३९(घ) मध्ये आहे. १९७६ चा समान वेतन कायदा होता, तो आता वेतन संहितेत गेला आणि संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. 'सारखं काम' म्हणजे पदाचं नाव सारखं असं नाही. कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी सारखी आहे का, ते बघायचं असतं. मावशी आणि तो मुलगा यांना याच चार गोष्टींवर मोजा म्हणावं.

बी-३०४: काका, हेच मला नीट मांडता येत नव्हतं.

डी-२०३: मग दुसरी बाजूही बघा. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमची पालिका समान पगार देता देता दिवाळखोरीच्या अवस्थेला आली. २०२३ ची बातमी आहे. इथे तसं झालं तर करवाढ आपल्यावरच येणार.

सी-४०२: दादा, माझी नणंद बर्मिंगहॅमला असते, त्यामुळे हे आमच्या घरात बरंच बोललं गेलंय. तिथे शाळेत स्वयंपाक करणाऱ्या, साफसफाई करणाऱ्या, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या बायका एकीकडे आणि कचरा उचलणारे, रस्ते झाडणारे, कबरी खोदणारे पुरुष दुसरीकडे. कामं एकाच पायरीची धरलेली, पण पुरुषांच्या कामाला बोनस जोडलेले आणि बायकांच्या कामाला नाहीत. सुमारे १७० जणींचं प्रकरण २०१२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. पालिका म्हणत होती, नोकरी सोडून सहा महिने उलटले, मुदत संपली. कोर्ट म्हणालं, दिवाणी कोर्टात सहा वर्षांपर्यंत दावा लावता येतो. मग दाव्यांची रांगच लागली. पालिकेने एक अब्ज पौंडांहून जास्त दिले आणि तरी देणं संपलं नाही. नव्या संगणक प्रणालीचा वाढलेला खर्च आणि सरकारी अनुदानातली कपात हेही होतंच. पण पगार दिल्यामुळे नाही, वर्षानुवर्षं न दिल्यामुळे आकडा एवढा फुगला.

डी-२०३: हे माहीत नव्हतं.

सी-५०१: पण मावशींना वाढवण्यासाठी त्या मुलाचे कमी केले तर? त्याच्याही घरी खाणारी तोंडं आहेत.

ए-६०१: कायद्यात त्याची सोय आहे. समानता आणण्यासाठी कुणाचंही वेतन कमी करता येत नाही. १९७६ च्या कायद्यात हे होतं, संहितेतही आहे. निवेदनात हे वाक्य हवंच, नाहीतर मावशींचेच सोबती त्यांच्या विरोधात जातील.

सी-४०२: स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत ऑक्टोबर २०१८ मध्ये पालिकेच्या आठ हजारांवर बायका याच मागणीसाठी दोन दिवस संपावर गेल्या. तेव्हा कचरा उचलणाऱ्या पुरुषांनी त्यांच्या पाठिंब्यासाठी काम थांबवलं होतं. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

ए-१०२: आणि आशाताईंचं काय? त्यांची तुलना कुणाशी करणार? आशा म्हणून पुरुष नेमतच नाहीत. कोविडमध्ये मी आणि हे दोघंही आजारी होतो, मुलगा पुण्यात अडकलेला. सख्ख्या नातेवाइकांनी फोनवर विचारपूस केली, आशाताई रोज दारात उभ्या राहायच्या ऑक्सिमीटर घेऊन. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांना पुरस्कार दिला. पण कागदावर त्या 'स्वयंसेविका', आणि मिळतं ते 'मानधन' आणि 'मोबदला'. पगार हा शब्दच नाही. मला याची चीड येते.

ए-६०१: वहिनी, तुम्ही नेमकं दुखणं सांगितलंत. आपला कायदा 'सारखं किंवा त्याच प्रकारचं काम' म्हणतो. जिथे सगळ्या बायकाच असतात तिथे शेजारी पुरुष नसतो, मग तुलनाच उभी राहत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५१ चा करार 'समान मूल्याचं काम' म्हणतो आणि भारताने तो १९५८ मध्ये मान्य केलेला आहे. बर्मिंगहॅमच्या बायकांची तुलना कचरावाल्यांशी झाली ती याच रस्त्याने. आशांचा निर्णय केंद्र आणि राज्याच्या हातात आहे, त्यामुळे ते पत्र वेगळं लिहू. एकात दोन विषय घातले की विभाग कार्यालयातून 'योग्य कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शेरा मारून कागद पुढे ढकलला जाईल.

सेक्रेटरी: सगळं वाचलं. सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्यायचं तर कमिटीचा ठराव लागेल.

डी-२०३: लेटरहेडला माझा अजूनही विरोध आहे. पण रहिवासी म्हणून साध्या कागदावर निवेदन द्या, मी सही करतो.

सेक्रेटरी: मग तसंच करू. ताई, मसुदा तुम्ही लिहा.

बी-३०४: लिहिते. मागण्या तीनच. श्रेणी कामाच्या नोंदीवरून ठरवा आणि ती नोंद कामगाराला दाखवा. गाडीवरचं काम मागणाऱ्या बायकांना ते द्या. कुणाचंही वेतन कमी करू नका.

एक विनंती. निवेदनात आपल्या गल्लीचा, त्या मुलाचा, मावशींच्या नऊ वर्षांचा उल्लेख नको. 'आमच्या प्रभागातील महिला सफाई कामगार' एवढंच. मावशींनी पावती दाखवताना दोनदा सांगितलं, बाई, माझं नाव गेलं तर उद्या हजेरीवर उभं करणार नाहीत. म्हणून तर आपल्या सह्या हव्यात. आपल्याला कुणी कामावरून काढणार नाही.

सी-५०१: आमच्या घरच्या चार.

ए-१०२: आमच्या दोन. साडीऐवजी रोख द्यायचं का, तेही मावशींना विचार गं.

बी-३०४: विचारते, काकू. उद्या साडेसहाला त्या आल्या की मसुदा आधी त्यांना वाचून दाखवते. त्या हो म्हणाल्या तर आठपासून कागद वॉचमनच्या केबिनमध्ये असेल.