मदत हवी आहे: कुलवृत्तांतात बायकांची जुनी नावं कशी छापायची?

गुहागरकडच्या आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत जुळवतोय. पुरुषांच्या नावांचं फारसं अडत नाही, घोडं अडतं ते बायकांच्या नावांपाशी. जुने कागद मोडी लिपीतले, आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे 'येसु' की 'येसू' हे कागद सांगत नाही. त्यात एकाच वाटणीपत्रात वर 'गोदाबाई' आणि खाली बांगडीच्या निशाणीपाशी (सहीऐवजी बायकांची खूण) नुसतं 'गोदी'. ही एकच बाई, की सासू-सून? शिवाय लग्नात नाव बदललेलं, म्हणजे माहेरचा कागद मिळाला तरी ओळख पटायची पंचाईत.

संतमंडळींतही हे आहेच. मुक्ताबाईची मुक्ताई, जनाबाई अभंगात 'जनी'. तेराव्या शतकातली महानुभाव कवयित्री महदंबा तर महदाइसाही. पण त्या नावाजलेल्या, त्यांचा घोटाळा होत नाही. आमच्या गोदीला कोण विचारतंय!

तर छापताना कागदात आहे तसंच ठेवावं, की एक रूप ठरवून बाकीची कंसात द्यावीत? आणि सूची लावताना नावाच्या शेवटचं 'बाई', 'आई', 'ऊ' धरायचं की सोडायचं? रत्नागिरी-राजापूरकडचे मोडी कागद वाचणाऱ्यांनी कृपया सांगावं. हवा तर निशाणीच्या ओळीचा फोटो टाकतो.