मदत हवी आहे: गरम इंजिन पुन्हा सुरू होत नाही (कार्ब्युरेटरची, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेची पेट्रोल गाडी)

सकाळी थंड इंजिन चोक ओढला की लगेच सुरू होतं. त्रास गरम असताना: गाडी बंद करून १५-२० मिनिटं उभी राहिली की स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला तर फडफडत सुरू होतं आणि सायलेन्सरमधून काळा धूर येतो. म्हणजे पेट्रोल जास्त होतंय, हे नक्की.

बॅटरी १२.६ व्होल्ट, स्टार्टर मारताना १०.४, तिथे शंका नाही. गरम इग्निशन कॉइलचा (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) प्रायमरी रेझिस्टन्स ३ ओहम, म्हणजे ठीक, स्पार्क निळा आणि जाड. प्लग काढले तर ओले, काळे.

आता प्रश्न असा, की फ्लोट चेंबरची (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) नीडल व्हॉल्व्ह (तिच्यात येणारं पेट्रोल अडवणारी झडप) गळतेय, की इंजिनच्या उष्णतेने चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांत) उतरतंय? एअर फिल्टर काढून पाहिलं, तर इंजिन बंद केल्यावर थोड्या वेळाने मेन जेटच्या नळीतून (जिथून पेट्रोल हवेत मिसळतं) थेंब पडतात. लगेच नाही, म्हणून मला उष्णतेचाच संशय जास्त. कार्ब्युरेटरखालचा इन्सुलेटर (इंजिनची उष्णता अडवणारा तुकडा) जाड बसवून कुणाचा हा त्रास गेलाय का? की आधी नीडल-सीट बदलून फ्लोट लेव्हल (चेंबरमधली पेट्रोलची पातळी) थोडी खाली घ्यावी?