मदत हवी आहे: चंद्राला लाइट धरायचं का? सीन काळाकुट्ट येतोय

अर्धवर्तुळ
रात्रीचा 3D सीन रेंडर करतोय (कॉम्प्युटरवर त्याचं चित्र तयार करतोय). चंद्र बनवला, आकाशात लावला, लाइटची पॉवर वाढवत नेली. चंद्र झकास दिसतोय, पण जमिनीवर उजेडाचा पत्ता नाही. एक जण म्हणतो, चंद्र हा लाइट नाहीच, म्हणून असं होतंय. मग चांदणं आणायचं कशानं? उद्या सकाळी फाइल द्यायची आहे, लवकर सांगा.

किरणपंथी
तो म्हणतो ते खरं आहे. चंद्र स्वयंप्रकाशी नाही. खडक आणि धूळ, तीही डांबरी रस्त्यासारखी काळपट. पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी जेमतेम 12 टक्के परत फिरतो. चंद्राचा उजेड सूर्याचाच, हे आर्यभटाने 499 साली लिहिलं होतं. भर पौर्णिमेला जमिनीवर फार तर 0.3 लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात, भर उन्हात सुमारे 1,00,000. म्हणजे साधारण 3,30,000 पट फरक. तुमचा सीन काळा आला तर नवल नाही.

तिसरी मिती
तो रेंडर करतोय, परीक्षेला बसलेला नाही. @अर्धवर्तुळ, सॉफ्टवेअर कोणतं? रेंडर इंजिन? लाइट कोणत्या प्रकारचा आणि कुठे ठेवलाय? हे कळल्याशिवाय सगळे अंदाजच.

एफ_अकरा
खऱ्या कॅमेऱ्याचे आकडे घ्या. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाला एफ/11, आयएसओ 100, 1/100 सेकंद. त्याच चंद्राच्या उजेडातली जमीन टिपायला एफ/2.8, आयएसओ 1600, 2 ते 4 सेकंद. फरक सुमारे 16 स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही कधीच येत नाहीत, दोन फ्रेम घेऊन जोडाव्या लागतात. रेंडरचंही तेच करा.

अर्धवर्तुळ
ब्लेंडर, सायकल्स. पॉइंट लाइट (एका बिंदूतून चहूकडे उजेड टाकणारा) चंद्राच्या गोळ्याच्या आत आहे. दुसरीकडे कुठे ठेवणार?

तिसरी मिती
हे आधी लिहायचं होतं. गोळ्याचा मेशच, म्हणजे त्याचा पृष्ठभागच, लाइट अडवतोय. पॉवर कितीही वाढवा, बाहेर काही येणार नाही. बाहेर काढला तरी पॉइंट लाइट इथे नको. त्याचा उजेड अंतराच्या वर्गाप्रमाणे घटतो आणि सावल्या फाकतात. खरा चंद्र 3,84,400 किमीवर आहे, त्यामुळे चांदण्यातल्या सावल्या समांतर पडतात.

पॉइंट लाइट काढून सन लाइट (समांतर किरणांचा) घ्या. चंद्राकडून सीनकडे येईल असा फिरवा. अँगल 0.52 अंश ठेवा, सावलीची कड बरोबर येते. स्ट्रेंग्थ 0.3 पासून सुरू करा. गोळा फक्त दिसण्यापुरता राहू द्या, हलकं एमिशन (स्वतःची चमक) देऊन. आणि हे विसरू नका: गोळ्याच्या रे व्हिजिबिलिटीमध्ये (कोणत्या किरणांना वस्तू दिसावी, ती सेटिंग) शॅडो आणि डिफ्यूज बंद करा. नाही तर गोळा सन लाइटच्या वाटेत येऊन त्याचीच सावली सगळ्या सीनवर पडेल.

सांजवेळ
रंग निळा द्या. चांदणं निळंच असतं.

किरणपंथी
नसतं. चांदण्याचं रंगतापमान सुमारे 4100 केल्विन, म्हणजे उन्हापेक्षा किंचित तांबूसच. मंद उजेडात डोळ्यातल्या दंडपेशी काम करतात, त्यांना निळसर-हिरव्याची ओढ जास्त, म्हणून निळं भासतं.

सांजवेळ
रेंडर पाहणारा डोळ्यांनीच पाहणार ना? पडदा उजळ असतो, तिथे दंडपेशी जाग्या होत नाहीत. तो भास आपल्यालाच रंगवून द्यावा लागतो.

तिसरी मिती
सांजवेळ यांच्याशी सहमत. थोडा निळा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) खाली. चांदण्यात लाल फूल लाल दिसत नाही.

दुर्बीणवाला
चंद्र डोळ्यांना टोचत असेल तर दुर्बिणीच्या आयपीसला 13 टक्के पारगमनाचा मून फिल्टर लावा. नाही तर ध्रुवण फिल्टरची जोडी, उजेड हवा तसा कमी-जास्त करता येतो.

अर्धवर्तुळ
दुर्बीण नाहीये इथे. @तिसरी मिती, उजेड पडला! पण चंद्राची कोर आहे, मध्यरात्र, बरोबर डोक्यावर. कोरीसाठी स्ट्रेंग्थ अर्धी करू?

किरणपंथी
अर्धी? अष्टमीच्या अर्ध्या चंद्राचाच उजेड पौर्णिमेच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका असतो. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो, धुळीच्या प्रत्येक कणाची सावली त्या कणामागेच लपते, म्हणून बिंब एकदम उजळतं. चतुर्थीच्या कोरीचा उजेड पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी. शिवाय कोर म्हणजे चंद्र आकाशात सूर्याच्या जवळ. मध्यरात्री ती डोक्यावर असूच शकत नाही. एक तर सूर्यास्तानंतर पश्चिमेला, नाही तर पहाटे पूर्वेला, आणि उजळ बाजू क्षितिजाखालच्या सूर्याकडे.

एफ_अकरा
कोर ठेवायचीच असेल तर संधिप्रकाशात ठेवा, उजेड आकाशातूनच येईल. आणि बिंबाचा काळा भाग पूर्ण काळा करू नका. पृथ्वीवरून परावर्तित उजेड त्यावर पडतो, अंधूक राखाडी दिसतो.

अर्धवर्तुळ
ग्राहकाला मध्यरात्रच हवी आहे. पूर्ण चंद्र लावतो, स्ट्रेंग्थ 0.3, सॅच्युरेशन खाली. जमिनीवर पांढरे ठिपके येतायत, त्याचं काय?

तिसरी मिती
सॅम्पल्स (दर पिक्सेलमागे किरण) किती? डीनॉइझ (ठिपके पुसणारी सोय) चालू आहे का? आणि सीनमध्ये काच किंवा पाणी आहे का?