वय ३८, चार महिने पाळी नाही: आधी कोणत्या तपासण्या कराव्यात?

शेवंती: नमस्कार. माझे वय ३८ असून चार महिने पाळी आलेली नाही. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर मी पाळीच्या तारखेला लाल गोल करते. शेवटचा गोल मार्चच्या पानावर आहे. रात्री अंगातून वाफा निघतात आणि उशीचा अभ्रा भिजतो. घरी केलेल्या चाचणीत गर्भधारणा नसल्याचे दिसले. तपासण्यांसाठी दोन हजार रुपये काढता येतील. ही लवकर आलेली रजोनिवृत्ती असेल का, आणि ते कसे ठरते?

कृष्णाकाठ: ताई, मी साडेसात हजारांची संपूर्ण तपासणी करून घेतली आणि माझे सर्व आकडे उत्तम आले. एकदाच पैसे घालावेत, हे बरे.

पारिजात: एवढ्या खर्चाची गरज नाही. थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याचे हार्मोन), एफएसएच (अंडाशयाला चालना देणारे हार्मोन) आणि इस्ट्रॅडिऑल (अंडाशयात बनणारे हार्मोन) एवढ्या रक्ततपासण्या आधी कराव्यात. माझा दोष थायरॉइडचा निघाला आणि गोळी सुरू झाल्यावर पाळी परतली.

आजोळ: एएमएच करावे. माझ्या भावजयीचे अगदी कमी आले आणि त्यावरूनच सारे कळले.

पारिजात: एएमएच या हार्मोनवरून अंडाशयात उरलेल्या बीजसाठ्याचा अंदाज येतो, पण केवळ त्यावर निदान करत नाहीत. चाळिशीच्या आत किमान चार महिने पाळी बंद किंवा अनियमित असेल आणि एफएसएच २५ च्या वर असेल, तर अंडाशयाचे काम मंदावल्याचे मानतात. शंका राहिल्यास चार ते सहा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हे आकडे फसवे येतात, म्हणून डॉक्टरांना तसे आधीच सांगावे.

दुपारची_सावली: माझी पाळी ३६ व्या वर्षी गेली, तेव्हा सासूबाईंपासून शेजारणींपर्यंत सर्वांनी ‘सुटलीस बाई’ म्हटले आणि मलाही तेच खरे वाटले. पाळी लवकर गेली की हाडे ठिसूळ होतात, हे मला कोणीच सांगितले नाही. ४७ व्या वर्षी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी तोल गेला, हात टेकला तेवढ्यावर मनगट मोडले, आणि मग हाडांच्या घनतेची तपासणी झाली. निदान तसे निघाले, तर हार्मोनच्या उपचाराबद्दल स्वतःहून विचारा.

आजोळ: हार्मोनने कर्करोग होतो. शतावरी घ्यावी.

दुपारची_सावली: २००२ मध्ये अमेरिकेतील ज्या अभ्यासामुळे ही भीती पसरली, त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. चाळिशीच्या आत शरीराने जे स्वतः बनवायला हवे होते, तेवढेच बाहेरून द्यायचे असते आणि ते साधारण पन्नाशीपर्यंत देतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

कृष्णाकाठ: थायरॉइड नक्की करावे. माझ्या संपूर्ण तपासणीत तेही होते.

मोहर: पाळी थांबली म्हणून निर्धास्त राहू नये. असे निदान झालेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणींना पुढे आपोआप दिवस जातात.

शेवंती: सर्वांचे आभार. आपण सर्वांनी आधी रक्त तपासायला सांगितले, तरी मी सोमवारी जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून आधी डॉक्टरांना दाखवणार आहे. कोणती तपासणी करायची ते त्यांनाच ठरवू देते. हाडांचे मात्र नक्की विचारेन. दिनदर्शिका पिशवीत घालून ठेवली आहे.