प्रशिक्षकाचा वाटा

"स्टॅनफर्डला उत्तम मुली आयत्याच मिळतात, त्यात लेले फोरूडचं काय कर्तृत्व?" अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या महिला टेनिस संघाच्या मुख्य प्रशिक्षक राहिलेल्या फोरूड यांच्याबद्दलचं हे म्हणणं मला अजिबात पटलं नाही. २०१६ आणि २०१८ ही दोन वर्षं बघा. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत (एनसीएए) दोन्ही वेळा संघाला मानांकन होतं पंधरावं, आणि दोन्ही वेळा अंतिम लढत ४-३ अशी जिंकली. तिथे दुहेरीच्या तीन सामन्यांचा मिळून एकच गुण असतो, एकेरीचे सहा. म्हणजे ४-३ याचा अर्थ सगळं शेवटच्या कोर्टवर येऊन ठेपलं होतं. बाकीच्या मुलींचे सामने संपलेले, सगळ्या कडेला उभ्या, आणि एकटी आत सर्व्हिस करतेय. मी विद्यापीठाच्या संघात असताना एकदा अशी उभी राहिले आहे, हातातल्या रॅकेटची ग्रिप घामाने नुसती घसरत होती. त्या वेळी मागच्या बाकावरून येणारा शांत आवाज किती आधार देतो!

आणखी एक गोष्ट. फोरूड स्वतः सत्तरच्या दशकात स्टॅनफर्डकडूनच खेळल्या. पुढे तिथेच तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक फ्रँक ब्रेनन यांच्या हाताखाली त्या कित्येक वर्षं सहाय्यक होत्या. मुख्य प्रशिक्षक झाल्यावर पहिल्याच मोसमात, २००१ मध्ये, विजेतेपद. २०१९ पर्यंत एकूण दहा.