शब्दचर्चा: रस्टमधल्या ‘बॉरो’ला उसनं म्हणावं का?

जळगावहून:

मी डिप्लोमाच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. बरीचशी मुलं चोपडा, यावल, पारोळ्याकडची, मराठी माध्यमातून आलेली. सी ही भाषा वर्षानुवर्षं शिकवतेय. यंदा पहिल्यांदाच रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचे पाठ घेतले आणि शब्दांपाशी अडले. सीच्या वेळी हे झालं नव्हतं. पॉइंटर, अ‍ॅरे, मॅलॉक (मेमरीत जागा घेणं), फ्री (ती मोकळी करणं) हे यंत्राचे शब्द, ते जसेच्या तसे दिले तरी चालतात. पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता, इतकं सांगितलं की मुलं पुढे जातात. रस्टचे मुख्य शब्द मात्र माणसांच्या देवघेवीतले आहेत: ओनरशिप, मूव्ह, बॉरो, लाइफटाइम. ते इंग्रजीतच ठेवले तर मुलं पाठ करतात, पण त्यामागचा विचार हाती लागत नाही.

ओनरशिपला मालकी, यात प्रश्न नाही. बॉरोला मी ‘उसनं घेणं’ म्हटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “मॅडम, उसनी साखर परत करताना तीच साखर थोडीच देतो?” मला उत्तर सुचलं नाही, कारण त्याचं बरोबर होतं. उसनी आणलेली वाटीभर साखर चहात जाते, परत जाते ती दुसरी साखर. रस्टमध्ये बॉरो केलेली वस्तू अशी संपवता येत नाही. मालकी मूळ जागीच राहते आणि काम झालं की मालक तीच वस्तू पुन्हा वापरतो. मग शब्द कोणता?

अमळनेरहून:

ताई, तुमच्या विद्यार्थ्याचा कान चांगला आहे. आपल्याकडे या व्यवहारांना वेगवेगळे शब्द आहेत. किराणा आणला आणि पैसे नंतर दिले, ती उधारी. शेजारून पीठ आणलं आणि आपलं दळण आल्यावर तेवढंच परत केलं, ते उसनं. शिडी किंवा वखर आणला आणि काम झाल्यावर तोच नेऊन दिला, तर तो ‘मागून आणला’. माझे आजोबा अहिराणीत ‘वखर मांगी लई उनू’ म्हणायचे. वखर उसना आणला, असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. हल्ली पुस्तकं ‘उसनी’ घेतल्याचं वाचायला मिळतं, तिथे शब्द सैल झालाय असं मला वाटतं. शिवाय ‘उसनं’ला खोटेपणाची छटाही आहे, उसनं अवसान, उसना आव. इंग्रजीत हे सगळं एका ‘बॉरो’त कोंबलंय. आपण तसं कशाला करायचं? ‘मागून घेणं’ म्हणा.

आणि ‘मूव्ह’ला ‘हलवणं’ म्हणत असाल तर तेही बदला. वस्तू जागची हलली, हा त्यातला मुद्दाच नाही. हक्क गेला, हा मुद्दा आहे. ‘देऊन टाकणं’ म्हणा.

जळगावहून:

भाऊ, ‘देऊन टाकणं’ अगदी नेमकं आहे. ‘दिलं’ म्हटलं तर परत मागायला वाव राहतो. ‘देऊन टाकलं’ म्हटलं की विषय मिटला. रस्टमध्ये एखादी स्ट्रिंग (अक्षरांची माळ) दुसऱ्या नावाला दिली की पहिल्या नावाने ती वापरता येत नाही, कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणारा, तिथेच थांबवतो. त्या ‘टाकणं’मध्ये हा सगळा नियम आला.

सीमध्ये पॉइंटरची नक्कल केली की दोन्ही नावं एकाच जागेकडे बोट दाखवत राहतात. जागा मोकळी कोणी करायची, हे भाषेत कुठेच लिहिलेलं नसतं, ते प्रोग्रामरच्या डोक्यात असतं. दोघांनी केली तर डबल फ्री. कोणीच नाही केली तर गळती. एकाने केली आणि दुसरा वापरत राहिला तर सगळ्यात वाईट. त्या पॉइंटरला ‘लोंबकळता पॉइंटर’ म्हणतात, पण त्याने मुलांच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. मी ‘शिळा पत्ता’ म्हणते. जुनं बिऱ्हाड सोडून गेलं, नवं राहायला आलं, आणि आपण मात्र जुन्यांची खासगी पत्रं त्याच पत्त्यावर टाकतोय. नवे लोक ती उघडून वाचतात. हल्लेखोर नेमकं हेच साधतात. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली सांगितलं होतं की त्यांच्याकडे दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकीच्या हाताळणीतून येतात. हा आकडा ऐकल्यापासून हे शब्द मुलांना नीट कळावेत, अशी तळमळ लागली आहे.

रावेरहून:

‘म्यूट’चं, म्हणजे वस्तू बदलायची मुभा देणाऱ्या शब्दाचं, काय करताय? माझं सुचवणं: ‘फेरफार’. तलाठ्याकडची फेरफार नोंद सगळ्यांना ठाऊक आहे, आणि महसुली इंग्रजीत तिला म्यूटेशनच म्हणतात. शब्द आयता हाताशी आहे.

जळगावहून:

दादा, मलाही आधी तेच सुचलं होतं, पण तिथे एक खाच आहे. गाव नमुना ६ मध्ये फेरफार होतो तो हक्काचा. खरेदीखत झालं, वारस लागले, की सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. रस्टमध्ये मालकाचं नाव बदलणं म्हणजे मूव्ह, आणि म्यूट म्हणजे मालक तोच राहून आतला ऐवज बदलणं. तलाठी कार्यालयात वडिलांसोबत चकरा मारलेली मुलं ‘फेरफार’ ऐकून नेमका उलटा अर्थ घेतील. ती नमुना १२ ची गोष्ट झाली: मालक तोच, यंदा कापूस, पुढच्या वर्षी मका. मी साधं ‘बदलण्याजोगं’ म्हणते.

धुळ्याहून:

बॉरोचा नियम शिकवताना आमच्याकडची फड पद्धत सांगा. पांझरेवर बंधारे बांधून पाटाने पाणी देण्याची ही रीत शेकडो वर्षांची. पाटाकडे बघायला कोणाला मनाई नाही, दहा जण काठावर उभे राहून बघोत. पण पाणी फिरवायचं तर ज्याची पाळी त्याने, आणि ते पाटकरी ठरवतो. रस्टचाही नियम तोच ना? नुसतं वाचायला कितीही जणांनी मागून न्यावं, बदलायला मात्र एका वेळी एकच, आणि तेव्हा वाचणाराही कोणी नको. म्हणून बदलण्यासाठी मागून घेण्याला ‘पाळी’ म्हणा आणि बॉरो चेकरला, म्हणजे हे नियम तपासणाऱ्या कंपायलरच्या भागाला, ‘पाटकरी’. फडात कोणतं पीक घ्यायचं हे हंगामाआधी ठरतं, तसं बॉरो चेकरही प्रोग्राम चालण्याआधीच हिशेब बघतो.

जळगावहून:

‘पाटकरी’ उद्यापासूनच वापरते! तेवढा एक फरक मुलांना सांगेन की तुमच्या पाटाच्या काठावर पाळी चालू असतानाही बघे उभे राहू शकतात, रस्टमध्ये तेही नाही. अर्धवट बदललेलं कोणी वाचू नये म्हणून.

भुसावळहून:

मी वीस वर्षं कंट्रोलर बोर्डांवर सी लिहितोय. चर्चेत सी आडमुठी ठरू नये म्हणून लिहितो. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ती १९७२ च्या सुमारास घडवली, तेव्हाची यंत्रं एवढीशी होती. पाटकरी बसवायला जागाच नव्हती. सीने सगळी भिस्त प्रोग्रामरवर ठेवली आणि त्याच भिस्तीवर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम उभी राहिली. लिनक्सचा गाभा आजही मुख्यतः सीमध्ये आहे. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून त्यात रस्टला जागा मिळाली, ती सीच्या शेजारी.

एक शब्द माझ्याकडून. रस्टच्या ‘अनसेफ’ला ‘असुरक्षित’ म्हणू नका. तो कोड धोकादायक आहे असा त्याचा अर्थ नाही. इथली काही तपासणी कंपायलरला करता येत नाही, ती मी केली आहे, असं प्रोग्रामर लिहून देतो. ‘माझ्या हमीवर’ म्हणा. मग जुनी-नवीतला फरकही सांगता येईल: सीचा अख्खा प्रोग्राम हमीवर असतो, रस्टमध्ये हमीच्या ओळी कंसात वेगळ्या दाखवाव्या लागतात.

जळगावहून:

सर, ‘माझ्या हमीवर’ घेतला.

अजून दोन गोष्टी. खुद्द रस्ट या नावाचा अर्थ मुलं ‘गंज’ असा करतात. ग्रेडन होअर यांनी २००६ साली या भाषेचं काम घरच्या घरी सुरू केलं आणि नाव घेतलं ते बुरशीवरून, गव्हावर पडणाऱ्या तांबेऱ्याच्या कुळातल्या. चिवट जगणारी बुरशी, म्हणून. महाबळेश्वरच्या संशोधन केंद्राच्या नावात तिला गेरवा म्हटलंय. रब्बीत गहू घेणाऱ्या घरांतली मुलं तांबेरा चटकन ओळखतात.

दुसरी, लाइफटाइम. वस्तू जिवंत असते तो काळ आणि मागून आणलेली वस्तू जवळ ठेवता येते तो काळ, या दोन्हींसाठी रस्टमध्ये तो एकच शब्द फिरतो आणि मुलं तिथे हमखास गोंधळतात. पहिल्याला ‘हयात’ आणि दुसऱ्याला ‘मुदत’ म्हटलं तर? मग नियम एका ओळीत मांडता येतो: मुदत हयातीच्या पुढे जाता कामा नये. सोमवारच्या तासाला फळ्यावर हेच लिहिणार आहे. पण ‘हयात’ निर्जीव वस्तूला लावलेलं कानाला खटकतं का, ते अमळनेरच्या भाऊंनी सांगावं.

अमळनेरहून:

खटकतं थोडं. पण ‘आयुष्य’ घेतलंत तर पुन्हा लाइफटाइमचा तोच गोंधळ. हयातच ठेवा.